सही जुळेपर्यंत

खुर्चीवरून पडलेल्या माणसाबद्दल लोकांना कळवळा वाटतो, पण त्यासाठी ती खुर्ची निदान चेअरमनची तरी असावी लागते. ड्रॉइंगचे सर पडले ती खुर्ची फर्निचरच्या दुकानात विकायला ठेवलेली होती. जेवणाच्या टेबलाबरोबर मिळते तसली साधी खुर्ची. तिच्या पाठीवर 'बसून बघा' अशी पाटी लटकत होती. सर आयुष्यभर पाट्या वाचून वागत आलेले. ते बसले. खुर्चीचा मागचा पाय आत दुमडला, सर मागच्या मागे गेले, सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगटाचे, डॉक्टरांच्या शब्दांत सांगायचं तर, "बऱ्यापैकी" तुकडे झाले. दुकानातला सेल्समन धावत आला. त्याने आधी खुर्ची उचलली.

ही गोष्ट सर पुढे भेटेल त्याला सांगत. मनगट मोडल्याचं त्यांना तेवढं लागलं नव्हतं, जेवढं त्या सेल्समनने खुर्ची आधी उचलल्याचं लागलं होतं.

पण इथवरची हकीकत दुःखाची आहे, संतापाची नाही. उलट दुकानदार भला निघाला. त्याची विमा कंपनी तर इतकी भली निघाली की सरांना संशयच आला. थोडीफार पत्रापत्री झाली आणि 'तुमच्या अशिलाला भरपाई देण्यास आमची हरकत नाही' असं म्हणून तिने पैसे भरूनही टाकले. म्हणजे ज्यांच्याशी भांडायचं होतं ते देऊन मोकळे झाले. ज्याला भांडायला नेमलं होतं तो वकीलच पैसे धरून बसला. खरा संताप इथून सुरू होतो.

हे वकील सरांच्या मेहुण्याने शोधून दिले होते. मेहुण्याची एक खासियत आहे. त्याला सगळ्या धंद्यातली माणसं माहीत असतात आणि त्यांच्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं.

"भाऊजी, डोळे झाकून जा. माझ्या मित्राच्या साडूची केस यांनीच चालवली."

"जिंकली का?"

"ते नाही विचारलं. पण माणूस फार गोड आहे."

माणूस गोड होता हे खरंच. वकीलपत्रावर सही घ्यायला ते स्वतः घरी आले. ते घरी आले ते एवढंच. त्या वेळी सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता, मनगटात कळा येत होत्या, आणि औषधाने डोळ्यांवर झापड होती. वकिलांनी कागद पुढे केला, डाव्या हातात पेन दिलं आणि प्रेमाने म्हणाले, "जमेल तशी करा हो सर. सही म्हणजे काय, औपचारिकता."

आता सरांची सही ही काही तुमच्याआमच्या सहीसारखी औपचारिकता नव्हती. ते शाळेतलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. पहिल्या अक्षराचा डौलदार वळसा, मधली अक्षरं एका ओळीत शिस्तीत उभी, आणि शेवटच्या अक्षरापासून उलट्या दिशेने मागे आणलेली रेघ, पट्टी न लावता पट्टीइतकी सरळ. चित्रकलेच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांचे आईबापसुद्धा प्रगतिपुस्तक सहीसाठी जपून ठेवत. आणि त्या दिवशी डाव्या हाताने जे उमटलं, ते शाईत पडलेली मुंगी कागदावरून घरी गेल्यासारखं दिसत होतं. सरांनी ते पाहून मान फिरवली. वकील म्हणाले, "उत्तम."

प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण बोटं उघडेनात. अंगठा आणि तर्जनी कशीबशी हलत, बाकीची तळव्याकडे वळून बसलेली. सर्जनने हात उलटासुलटा करून पाहिला.

"आतल्या दोऱ्या चिकटल्यात. एक छोटं ऑपरेशन करून मोकळ्या करू, मग बोटं सरळ होतील. पण उशीर करू नका. जास्त दिवस गेले तर त्या तशाच आखडून बसतील, मग मलाही काही करता यायचं नाही."

ऑपरेशन छोटं होतं, खर्च छोटा नव्हता. शिल्लक मनगट जुळवण्याच्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये आणि बिनपगारी रजेत धुऊन निघाली होती. पण सरांना काळजी वाटली नाही. भरपाई आलीच होती. विमा कंपनीचं तसं पत्रही घरी आलं होतं. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते वकिलांच्या ऑफिसात गेले.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत एक लांब सोफा, भिंतीला लागून काचेची मोठी पेटी, तिच्यात रंगीत मासे, आणि त्यांच्या शेजारी टेबलामागे कारकूनबाई. माशांना आणि अशिलांना पाहायचं काम त्यांच्याकडेच होतं. माशांना वेळच्या वेळी खायला मिळे.

"साहेब कोर्टात आहेत," कारकूनबाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये होते. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब आत्ता एवढ्यात बाहेर पडले होते, जिन्यात भेटले कसे नाहीत याचं बाईंना आश्चर्य वाटलं. चौथ्या खेपेला आतून साहेबांच्या खोकल्याचा आवाज स्पष्ट आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब आहेत, पण नाहीत." या उत्तरावर सर सोफ्यावर बसून बराच वेळ विचार करत राहिले. समोर मासे फिरत होते. आपण पहिल्यांदा आलो तेव्हा हा केशरी मासा एवढा गुटगुटीत नव्हता, अशी त्यांची खात्री झाली. चित्रकाराची नजर होती, चुकणार नाही.

शेवटी साहेब भेटले.

"अहो सर! या या. पैसे ना? आलेत की. आपल्या खात्यात अगदी सुखरूप आहेत. कुठे पळून जातायत?"

"ऑपरेशन करायचंय हो. डॉक्टर म्हणतात, उशीर..."

"म्हणजे काय! आरोग्य आधी. येत्या आठवड्यात काम करून टाकू."

येता आठवडा ही काय चीज आहे हे सरांना हळूहळू कळलं. तो येत असतो. येऊन पोचत नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, माझं सोनं मोडू या ना. हात महत्त्वाचा."

"आपले हक्काचे पैसे तिथे लोळतायत आणि आपण सोनं मोडायचं? मुळीच नाही. येत्या आठवड्यात देतोय तो." हे सरांनी इतक्या ठामपणे सांगितलं की वकिलांनाही तेवढं ठाम कधी जमलं नव्हतं.

आणि एक दिवस खरोखरच कारकूनबाईंचा फोन आला. पावतीवर सही करून चेक घेऊन जा. सर आणि सरांची बायको दोघं गेली. बाईंनी छापील पावती पुढे ठेवली. सरांनी आखडलेल्या उजव्या मुठीत पेन खोचलं आणि दात आवळून सही केली. वळसा अर्ध्यात अडला, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली, शेवटची रेघ मागे यायला निघाली आणि वाटेत थांबली. पण सही उजव्या हाताची होती. सरांना बरं वाटलं.

बाईंनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. फाइलमधलं वकीलपत्र शेजारी ठेवलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"सही जुळत नाही."

"कशी जुळेल? ती डाव्या हाताची आहे."

"मग डाव्या हाताने करायची ना."

"पण माझी सही उजव्या हाताची आहे!"

"फाइलप्रमाणे तुमची सही ही आहे," बाई मुंगीकडे बोट दाखवून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. पूर्वी कुणाचे तरी पैसे त्याच्या चुलतभावाने सही ठोकून नेले होते, तेव्हापासून ऑफिसात हा नियम होता. आणि नियम पाळताना बाई माणसाकडे पाहत नसत, भिंगातून पाहत.

सरांनी ओळखपत्र काढलं. त्यावर अपघाताच्या आधीची सही होती, पूर्ण डौलात. बाईंनी कौतुकाने पाहिली. "सुंदर आहे. पण ही तर तिसरीच झाली."

"मग नवीन नमुना सही घ्या माझी!"

"घेऊ ना. त्यासाठी अर्ज असतो. अर्जावर फाइलमधली सही लागते."

सरांच्या डोक्यात तिडीक गेली. पण गुरुजी माणूस, आरडाओरडा वर्गाबाहेर करायची सवय नव्हती. त्यांनी तिथेच डाव्या हाताने सही केली. ती मुंगीसारखी आलीच नाही. झुरळासारखी आली.

ही बातमी सरांच्या इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण सरांनी ती जिन्यातच मोठ्याने सांगितली. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब राहतात. ते लगेच खाली आले. माणूस तसा परोपकारी, पैसे सोडून काहीही देईल.

"एक लक्षात घ्या सर, मुदत ठेवीत टाकली असेल वकिलाने रक्कम. व्याज खातोय तुमच्या मनगटावर."

"कर्ज मिळेल का हो बँकेतून? तात्पुरतं?"

"का नाही! मी शब्द टाकतो. फक्त अर्जावरची सही तुमच्या खात्यातल्या सहीशी जुळली पाहिजे."

सरांनी आखडलेली उजवी मूठ त्यांच्यापुढे धरली.

"अंगठा!" समोरच्या नर्सबाई दारातून म्हणाल्या. बाई मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं काम करून निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही सगळ्यांशी पेशंट असल्यासारख्या बोलत. "सरळ अंगठा उठवा ना. अंगठा काय बदलतो?"

ज्याच्या सहीकडे पाहून शाळेतली पोरं वळसे गिरवायला शिकली त्याने अंगठा उठवायचा? सर रात्रभर तळमळले. सकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःला समजावलं की बोटं वाचवायची तर अंगठ्याला लाज वाटून चालणार नाही. ऑफिसात जाऊन त्यांनी खालच्या आवाजात, सोफ्यावरच्या इतर अशिलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, विचारलं.

"अंगठा?" कारकूनबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "अंगठा ज्यांना सही येत नाही त्यांचा. तुम्ही फाइलवर साक्षर आहात."

म्हणजे अब्रू घालवायला माणूस स्वतःहून तयार झाला, तर तीही घेईनात. सरांनी मग सर्जनकडून दाखला मागितला, की अपघातानंतरची डावी सही याच पेशंटची. सर्जन म्हणाले, मी हाडं जुळवतो, सह्या नाही. मुख्याध्यापकांनी मात्र पत्र दिलं, शाळेच्या शिक्क्यासह. कारकूनबाईंनी ते वाचून परत केलं. "यांची सही आमच्या फाइलला नाहीये, त्यामुळे ती तरी त्यांची आहे हे कशावरून?" सर माशांकडे बघत राहिले. केशरी माशाला आता वळायला जागा पुरत नव्हती.

साहेबांना मधेच जिन्यात गाठलं तर ते हसून म्हणाले, "अहो, तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे हे सगळं. उद्या दुसरंच कुणी तुमचे पैसे नेले तर?"

"असे नुसते पडून राहण्यापेक्षा ते परवडलं. निदान कुणाला तरी मिळाले असते!"

साहेबांना हा विनोद वाटला. ते हसत हसत खाली गेले.

तेव्हा सरांनी निश्चय केला. सही म्हणजे शेवटी चित्रच ना? मग चित्र काढायला शिकायचं. घरात फळा होता. रोज शाळेतून आल्यावर सर डाव्या हातात खडू धरून फळ्यासमोर उभे राहू लागले. आधी आडव्या रेघा, मग उभ्या, मग गोल. पहिलीच्या पोरांना जे शिकवत तेच स्वतःला शिकवलं, आणि चुकलं की पोरांना ओरडत तसंच स्वतःला ओरडले. "मनगट ढिलं सोड, गाढवा!" असा आवाज आतून आला की बायको स्वयंपाकघरात समजून घ्यायची. शाळेतही ते डाव्या हाताने शिकवू लागले. त्यांनी फळ्यावर सुरई काढली तर मुलांनी ती बदक म्हणून रंगवली. सरांनी निमूट बदकाला मार्क दिले.

पण माणूस मुळात कलावंत. डावा हात शिकत गेला. नवा हात असल्यामुळे त्याला वाईट सवयी नव्हत्या. मुंगीचे पाय सरळ झाले, अक्षरांना बाक आला, वळसा आला, आणि एका संध्याकाळी शेवटच्या अक्षरापासून निघालेली रेघ न थरथरता मागे आली. सरांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अगं बाई, आधीपेक्षाही छान आलीय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी डाव्या हाताने, झोकात, सही केली.

कारकूनबाईंनी भिंग धरलं. मग भिंग खाली ठेवलं आणि नुसत्याच डोळ्यांनी पाहिलं.

"सर, काय सुरेख काढलीत हो. आमच्या मुलीला शिकवाल का?" आणि मग, तितक्याच मनापासून, "पण फाइलवरची एवढी चांगली नाही. ही नाही जुळत."

त्या दिवशी सर घरी आले ते थेट पलंगावर पडले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले. जगात मेहनत करून नापास झालेली मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मेहनत केल्यामुळे नापास झालेला विद्यार्थी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो ते स्वतः होते.

संध्याकाळी घरात बैठक बसली. आता सही बिघडवायची होती. आणि मंडळी हो, हात एकदा शहाणा झाला की त्याला वेड पांघरायला लावणं फार कठीण असतं. सरांनी मुद्दाम वेडीवाकडी सही केली, तर ती मुद्दाम वेडीवाकडी केलेली दिसे.

"टेबल हलवून बघा," मॅनेजरसाहेब म्हणाले. बायकोने टेबल धरून गदागदा हलवलं. सही आली ती भूकंपाच्या आलेखासारखी आली, आणि चहाचा कप पडला तो वेगळाच.

"अहो, असं वरवरचं करून काय उपयोग?" नर्सबाई पुढे सरसावल्या. "तेव्हा यांचं दुखत होतं. दुखल्याशिवाय तशी सही यायची नाही. सर, मनगट द्या इकडे."

"नको हो..."

"लिहा तुम्ही. मी दाबते."

बाईंना नेमकं कुठे दाबायचं ते चांगलंच ठाऊक होतं. सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरून मॅनेजरसाहेबांची बायको धावत खाली आली. पेन कागदातून आरपार गेलं.

"थोडं कमी दाबा," मॅनेजरसाहेब म्हणाले.

असं चार संध्याकाळी चाललं. सरांचं मनगट सुजलं, टेबलाचा पाय निखळला, बायको रडली, आणि सही जुळली नाही. सुजेचं निमित्त झालं म्हणून बायकोने त्यांना सर्जनकडे ओढत नेलं. कितीतरी आठवड्यांनी ते तिथे गेले होते. तिथे जाऊन 'अजून पैसे मिळाले नाहीत' हे सांगायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते टाळत आले होते.

सर्जनने प्रत्येक बोट धरून हळूहळू सरळ करून पाहिलं. करंगळीपाशी ते थांबले. पुन्हा पाहिलं. मग चष्मा काढला.

"मी म्हटलं होतं, उशीर करू नका."

"हो."

"बाकीची सुटतील. या आठवड्यात केलं तर. करंगळी आता नाही सुटायची. ती अशीच राहील." आणि बरं वाटावं म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "तसं करंगळीचं फार काम नसतं म्हणा."

सरांनी करंगळीकडे पाहिलं. चित्र काढताना सगळा हात करंगळीवर टेकतो. करंगळी कागदावर सरकते, आणि तिच्या भरवशावर वरची बोटं खेळतात. हे ते वर्गात पहिल्याच दिवशी शिकवत. ऑपरेशन झालं तरी त्या उजव्या हाताने पूर्वीसारखी सरळ रेघ आता यायची नव्हती. बायको शेजारी बसली होती. सोन्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच सरांना सगळ्यात जास्त लागलं.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर सर घराकडे वळलेच नाहीत. ते पुढे आणि बायको मागे, असे ते वकिलांच्या ऑफिसात पोचले. कारकूनबाईंनी "साहेब..." एवढं म्हणेपर्यंत सरांनी आतलं दार उघडलं होतं. साहेब होते. समोर चहा होता, हातात बिस्कीट होतं.

"अहो सर! या या. घाई काय आहे एवढी? बसा, जरा..."

तळपायाची आग मस्तकात जाणे असं आपण म्हणतो. बायकोने पुढे सांगितलं की तिने ती आग जाताना पाहिली.

"बसू?" सर म्हणाले. "बसलो होतो म्हणून तर हे झालं! एकदा त्या दुकानात बसलो, तिथे मनगट गेलं. मग तुमच्या सोफ्यावर बसलो, तिथे बोट गेलं! ज्याने पाडलं त्याने महिन्याभरात पैसे मोजले. तुम्ही माझे ना? माझ्या बाजूचे? तुम्ही ते दाबून बसलात. रोज पुढचा आठवडा, रोज पुढचा आठवडा! तुमचे मासे सुजलेत माझ्या व्याजावर! मी वाईट लिहितो म्हणून नाही, चांगलं लिहितो म्हणून नाही, अंगठा देतो तरी नाही! मी कोण आहे हे तुम्हाला माहीत नाही? माझ्या घरी येऊन माझ्या हातात पेन कोंबलंत तेव्हा माहीत होतं ना? तेव्हा काय म्हणालात, औपचारिकता! या औपचारिकतेत माझी करंगळी गेली, वकीलसाहेब! चित्र काढतो मी! मी चित्र काढतो!"

शेवटची दोन वाक्यं फुटक्या आवाजात आली. सोफ्यावरची मंडळी उठून दारात जमली होती. सर नखशिखांत थरथरत होते. ओठ थरथरत होते, हनुवटी थरथरत होती, डावा हात तर लटलटत होता. साहेबांचं बिस्कीट चहात विरघळून पडलं.

कारकूनबाई दारातून आत आल्या. त्यांच्या हातात पावती आणि पेन होतं. त्यांनी सरांच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदाच भिंगाशिवाय. मग पावती टेबलावर ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "सर, आत्ता करा. लगेच. निवू नका."

सरांना काही दिसत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने पेन घेतलं आणि रागारागात सही खरडली.

बाईंनी वकीलपत्र शेजारी धरलं. शाईत पडलेली मुंगी अगदी त्याच वाटेने घरी गेली होती. तोच अडखळलेला वळसा, तीच कोलमडलेली अक्षरं. दुखण्याने हात जसा थरथरला होता, तसाच तो संतापाने थरथरला होता.

"जुळली," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"बघा!" साहेबांना कंठ फुटला. "मी म्हणतच होतो, काम होणार." त्यांनी खणातून चेक काढला. तो तयारच होता. किती दिवसांपासून होता ते विचारायचं त्राण सरांत उरलं नव्हतं. साहेबांनी मग हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. सरांची उजवी मूठ काही उघडली नाही, आणि आज त्याला केवळ दोऱ्या कारण नव्हत्या.

जिन्यात बायकोने पावतीची प्रत वाचली. सरांच्या सहीच्या बरोबर वर छापलं होतं: 'सदर रक्कम मी शांत चित्ताने, पूर्ण समाधानाने, वकीलसाहेबांविरुद्ध माझी कसलीही तक्रार नसताना स्वीकारत आहे.' तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. सरांना ती तिने कित्येक दिवस दाखवली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पैसे भरायला दोघं दवाखान्यात गेली. सर्जनने पुन्हा एकदा हात पाहिला, खुणा केल्या, आणि खुणा करता करता बोलायचं म्हणून विचारलं, "मिळाले ना शेवटी सगळे पैसे?"

"मिळाले. वकिलांची फी कापून."

"किती कापली?"

"पाचवा हिस्सा," सर म्हणाले. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि वळलेल्या बोटांकडे एकेक करून पाहिलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "पैशातूनही पाचवा आणि हातातूनही पाचवा. काही म्हणा डॉक्टर, माणूस हिशेबाला चोख आहे."